अमेरिकेत मुलाबाळांना मोठी रक्कम देताना : नवरा-बायकोने फॉर्म ७०९ कसा भरायचा

मुलीच्या घराच्या डाउन पेमेंटसाठी लाखभर डॉलर दिले जातात, घराच्या चाव्या हातात येतात, वास्तुशांतही होते. मग पुढच्या एप्रिलमध्ये रिटर्न भरताना सीपीए (करसल्लागार) विचारतो, "गिफ्ट टॅक्सचा फॉर्म भरायचाय ना?" बहुतेक आईवडिलांच्या पोटात तिथे गोळा येतो. त्यामुळे उत्तर आधीच सांगतो. कर जवळजवळ कुणालाच भरावा लागत नाही, पण फॉर्म बऱ्याच जणांना भरावा लागतो. हा फॉर्म ७०९ देणाऱ्याने भरायचा असतो. मुलीला मिळालेली रक्कम तिचं उत्पन्न नाही, त्यामुळे तिने ती आपल्या १०४० वर (इन्कम टॅक्सच्या रिटर्नवर) दाखवायची नाही.

गोंधळ होतो तो लग्न झालेल्या देणाऱ्यांचा. इन्कम टॅक्सचं रिटर्न वर्षानुवर्षं दोघांचं एकत्र भरायची सवय असते. गिफ्ट टॅक्समध्ये एकत्र रिटर्न हा प्रकारच नाही. त्या कायद्याला नवरा आणि बायको ही दोन स्वतंत्र माणसं दिसतात. प्रत्येकाची सूट वेगळी, हिशेब वेगळा आणि फॉर्मही वेगळा. पुढच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

आकडे

२०२५ साली एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला वर्षभरात १९,००० डॉलरपर्यंत दिलं तर ते वार्षिक सुटीत बसतं. २०२६ सालीही आकडा १९,०००च आहे (२०२४ साली १८,००० होता). त्यावरची रक्कम देणाऱ्याच्या आयुष्यभराच्या सुटीतून वजा होते. ही सूट २०२५ साठी माणशी १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर आहे आणि २०२६ पासून दीड कोटी. ती पूर्ण संपली की मगच खिशातून कर जातो, तोही ४० टक्के दराने. म्हणून फॉर्म ७०९ कडे कराचं बिल म्हणून पाहू नका. आयुष्यभराच्या खात्यातून किती वापरलं याची ती नोंदवही आहे.

वाढीव उत्पन्नावर जास्त कर बसेल, किंवा मुलीला कर भरावा लागेल, या भीतीने रक्कम लपवणारे लोक असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

पायरी १ : दोघांचा दर्जा काय?

जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याला किंवा तिला कितीही द्या, मर्यादा नाही आणि साध्या भेटीला फॉर्मही नाही. जोडीदार नागरिक नसेल, ग्रीन कार्डवर असला तरीही, ही अमर्याद सूट मिळत नाही. त्याऐवजी वर्षाला ठरावीक रक्कम मिळते : २०२५ साठी १,९०,००० डॉलर, २०२६ साठी १,९४,०००. आपल्याकडच्या अनेक घरांत एकाने नागरिकत्व घेतलेलं असतं आणि दुसरा भारतीय पासपोर्ट सांभाळून असतो. अशा घरात नवऱ्याने २०२५ मध्ये ३ लाखांचे शेअर बायकोच्या एकटीच्या नावावर केले, तर वरच्या १,१०,००० साठी त्याला ७०९ भरावा लागतो. "बायकोलाच तर दिले" या समजुतीखाली हे सर्रास राहून जातं.

तिसऱ्या माणसाला दिलेली भेट दोघांत विभागायची असेल (तिला गिफ्ट स्प्लिटिंग म्हणतात), तर भेट देताना दोघंही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी असावे लागतात. इथे रहिवासी ठरवताना दिवस मोजत नाहीत. कायमचं घर कुठे मानता, परत जायचा इरादा आहे का, हे बघतात. ग्रीन कार्ड घेऊन वीस वर्षं इथे राहणाऱ्यांचा प्रश्न सहसा सरळ असतो. एच-१बी वर असलेल्यांचा नसतो. इन्कम टॅक्ससाठी रहिवासी असलेला माणूस गिफ्ट टॅक्ससाठी नसू शकतो. त्यांनी मोठी रक्कम देण्याआधी हे लेखी ठरवून घ्यावं.

पायरी २ : वर्षभरातल्या भेटींची यादी करा

जानेवारी ते डिसेंबर, दोघांची वेगवेगळी यादी. कुणाला, कोणत्या तारखेला, किती आणि कुणाच्या खात्यातून. चौथा रकाना लोक गाळतात आणि पुढे तोच लागतो.

दोन गोष्टी यादीत येतच नाहीत. शाळा-कॉलेजची ट्यूशन फी थेट संस्थेला भरली तर ती भेट धरत नाहीत, रक्कम कितीही असो. तसंच उपचारांचं बिल थेट हॉस्पिटलला भरलं तर. संस्था परदेशातली असली तरी ट्यूशनची ही सूट चालते, म्हणजे भाचीची पुण्यातल्या कॉलेजची फी तुम्ही थेट कॉलेजच्या खात्यात भरू शकता. मात्र "थेट" हा शब्द पाळायचा. भाचीच्या खात्यात पैसे टाकून तिने फी भरली की सूट गेली. हॉस्टेल, मेस आणि पुस्तकं यांना सूट नाही. बाबांच्या बायपासचं बिल तुम्ही हॉस्पिटलला भरलं आणि नंतर विमा कंपनीने ते परत केलं, तर परत आलेल्या रकमेला सूट मिळत नाही.

उलट काही व्यवहार भेट वाटत नाहीत, पण असतात. घराच्या डीडवर (मालकीच्या दस्तावर) मुलाचं नाव चढवलंत की त्याच दिवशी त्याच्या वाट्याची भेट झाली. बँकेच्या जॉइंट खात्यात नुसतं नाव घातल्याने भेट होत नाही. मुलाने तुमचे पैसे स्वतःसाठी काढले की होते. "उसने दिलेत" म्हणून व्याज, कागद आणि हप्ते यांपैकी काहीच नसेल, तर आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) त्याला भेटच समजेल. त्यात घराचं कर्ज देणारी बँक डाउन पेमेंटसाठी तुमच्याकडून गिफ्ट लेटर घेते, आणि त्यावर "परतफेडीची अपेक्षा नाही" असं लिहून तुमची सही असते. मग तेच पैसे उसने होते असं म्हणायला जागा उरत नाही.

पायरी ३ : विभागायचं का?

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. न्यू जर्सीतलं जोडपं, दोघंही नागरिक. २०२५ मध्ये नवऱ्याच्या खात्यातून मुलीला १,००,००० डॉलर. बायकोने आपल्या खात्यातून नाशिकच्या बहिणीला २५,००० पाठवले.

विभागलं नाही तर नवऱ्याची करपात्र भेट ८१,००० आणि बायकोची ६,०००. मिळून ८७,००० आयुष्यभराच्या सुटीतून जातात.

विभागलं तर प्रत्येकाने मुलीला ५०,००० आणि बहिणीला १२,५०० दिले असं धरतात. मुलीमागे प्रत्येकाला १९,००० ची सूट, उरले ३१,०००. बहिणीचे १२,५०० पूर्ण सुटीत बसले. दोघांचे मिळून ६२,०००.

लक्षात घ्या, बायकोच्या बहिणीची भेटही विभागावी लागली. एकदा विभागायचं म्हटलं की त्या वर्षी दोघांनी बाहेरच्या माणसांना दिलेल्या सगळ्या भेटी विभागल्या जातात. ही विभागायची आणि ती नाही, अशी निवड चालत नाही. शिवाय त्या वर्षाच्या गिफ्ट टॅक्सची जबाबदारी दोघांवर एकत्र येते. भेट दिल्यावर त्याच वर्षी घटस्फोट होऊन किंवा जोडीदार जाऊन कुणी पुन्हा लग्न केलं, तर विभागता येत नाही.

ज्यांची एकूण संपत्ती दीड कोटीच्या जवळपासही नाही, त्यांना २५,००० चा हा फरक प्रत्यक्षात जाणवणार नाही. तरी विभागावं असं आम्ही सांगतो. ज्या सुटीची उद्या गरज पडेल की नाही ते आज कळत नाही, ती फुकट का घालवायची?

टेक्सस आणि कॅलिफोर्नियातल्यांचं गणित वेगळं आहे. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सस, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत लग्नानंतरची कमाई आपोआप निम्मी-निम्मी दोघांची मानली जाते. त्यातून दिलेली भेट मुळातच अर्धी-अर्धी असते. स्प्लिटिंगची खूण करायची गरज नाही. ज्याचा अर्धा वाटा १९,००० च्या वर गेला, त्याने आपला फॉर्म भरायचा. वडिलांकडून वारशाने आलेले किंवा लग्नाआधीचे पैसे मात्र एकट्याचे असतात.

फॉर्मच टाळायचा असेल तर आधी विचार करावा लागतो. आई आणि बाबा, मुलगी आणि जावई, असे चार जोड धरले तर प्रत्येकी १९,००० प्रमाणे डिसेंबरमध्ये ७६,००० होतात. उरलेले २४,००० जानेवारीत. आईने आपल्या खात्यातून आणि बाबांनी आपल्या खात्यातून दिले तर एकही फॉर्म नाही. अट एवढीच की जावयाला दिलेले खरोखर जावयाचे असावेत, जसं घर दोघांच्या नावावर असताना असतात. त्याने ते लगेच मुलीकडे वळवायचे असं आधीच ठरलेलं असेल तर त्याच्या नावाची सूट टिकत नाही. वर्षअखेरीचा चेक ३१ डिसेंबरला हातात देऊन चालणार नाही, तो त्याच वर्षात बँकेत भरला जायला हवा. एकट्या बाबांच्या खात्यातून ७६,००० गेले तर विभागून ते सुटीत बसतील, पण विभागायचं म्हणजे फॉर्म आलाच.

पायरी ४ : फॉर्म भरणं

घरी रिटर्न भरायच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये ७०९ बहुधा नसतो. आयआरएसच्या संकेतस्थळावरून ज्या वर्षी भेट दिली त्या वर्षाचा फॉर्म आणि त्याच वर्षाच्या सूचना उतरवून घ्या. २०२४ च्या फॉर्मपासून मांडणी बदलली आहे, जोडीदाराच्या संमतीचा भाग आता वेगळा आहे. जुना नमुना समोर ठेवून रकाने जुळवू नका.

सुरुवात शेड्यूल ए पासून करा, पहिल्या पानापासून नाही. कारण पहिल्या पानावरचे आकडे मागून येतात. शेड्यूल ए मध्ये मुलांच्या आणि भावंडांच्या भेटी पहिल्या भागात जातात. नातवंडांना थेट दिलेल्या भेटी दुसऱ्या भागात, कारण पिढी ओलांडून दिलेल्या भेटीवर आणखी एक वेगळा कर आहे आणि त्याचा हिशेब शेड्यूल डी मध्ये होतो. नातवाची भेट चुकून पहिल्या भागात टाकणं ही नेहमीची चूक आहे.

प्रत्येक ओळीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं, भेटीचं वर्णन, तुमची मूळ खरेदी किंमत, तारीख आणि त्या दिवशीची किंमत लिहायची. आपल्या उदाहरणात नवऱ्याच्या फॉर्मवर मुलीची ओळ १,००,००० ची. त्यापुढच्या रकान्यात ५०,००० वजा, निव्वळ ५०,०००. पूर्ण रक्कम न लिहिता थेट ५०,००० लिहिली की बाकीचे अर्धे गेले कुठे ते आयआरएसला समजत नाही. त्याच भागात खाली "जोडीदाराने दिलेल्या भेटी" अशी जागा असते. तिथे बायकोने बहिणीला दिलेले २५,००० आणि त्यातला नवऱ्याचा अर्धा वाटा १२,५००. बायकोचा फॉर्म याच्या आरशासारखा : वरती बहीण, खाली मुलगी.

मग चौथ्या भागात बेरीज ६२,५००, वार्षिक सूट ३१,५०० (१९,००० आणि १२,५००), करपात्र भेट ३१,०००. दोघांचीही सारखीच. आधीच्या वर्षांत करपात्र भेटी दिल्या असतील तर त्या शेड्यूल बी मध्ये. त्यासाठी जुन्या ७०९ च्या प्रती लागतात. पूर्वी काहीच नसेल तर ३१,००० वरचा कर कोष्टकाने ६,२२० डॉलर येतो. आयुष्यभराच्या सुटीइतक्या रकमेवर जेवढा कर येतो, तेवढा माफ होतो, त्याला क्रेडिट म्हणतात. २०२५ साठी ते माणशी ५५,४१,८०० आहे, त्यातून ६,२२० वळते होतात आणि देणं शून्य. हा ६,२२० चा आकडा बघून काही जण चेक लिहायला बसतात. क्रेडिटची ओळ भरायची राहिली असेल तरच तो आकडा खाली उतरतो. पुन्हा तपासा.

संमतीच्या भागात "होय" लिहायचं, जोडीदाराचं नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यायचा, वर्षभर लग्न होतं का ते सांगायचं, आणि संमती देणाऱ्या जोडीदाराची सही त्या वर्षाच्या सूचनेप्रमाणे जोडायची. सही राहिली तर विभागणी झालीच नाही असं मानलं जाऊ शकतं.

दोघांनी फॉर्म भरणं हा सर्वसाधारण नियम. अपवाद असा : वर्षभरात फक्त एकानेच भेटी दिल्या, कुणालाही ३८,००० पेक्षा जास्त नाही आणि सगळ्या लगेच वापरता येणाऱ्या भेटी, तर देणाऱ्याचा एकच फॉर्म पुरतो, दुसऱ्याची संमती तेवढी लागते.

पायरी ५ : पाठवणं

२०२५ च्या भेटींसाठी मुदत १५ एप्रिल २०२६. इन्कम टॅक्ससाठी फॉर्म ४८६८ ने मुदतवाढ घेतली असेल तर ७०९ ला ती आपोआप मिळते. फक्त ७०९ साठीच हवी असेल तर फॉर्म ८८९२. कर देणं असेल तर त्याला मात्र मुदतवाढ नाही. कागदी फॉर्म कॅन्सस सिटी, मिझुरी येथील आयआरएस केंद्रात जातो. १०४० च्या पाकिटात तो टाकू नका. दोघांचे ७०९ मात्र एकाच पाकिटात, सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पावती फॉर्मच्या प्रतीला लावून ठेवा. या प्रती सात वर्षांनी फाडायच्या नसतात. पुढचा प्रत्येक ७०९ आणि शेवटी मृत्यूनंतरचा इस्टेटचा फॉर्म ७०६ त्यांच्यावरूनच भरतात.

उशीर झाला तर? कर शून्य असेल तर टक्केवारीने लागणारा दंडही शून्य. पण फॉर्म भरल्यावर, आणि भेटीचं वर्णन व किंमत नीट दिल्यावर, आयआरएसला प्रश्न विचारायला तीनच वर्षं मिळतात. फॉर्मच नसेल तर तो काळ सुरूच होत नाही. रोख रकमेत वाद घालण्यासारखं काही नसतं, पण घर किंवा खासगी कंपनीतला हिस्सा दिला असेल तर पंधरा वर्षांनी त्याची किंमत उकरून काढली जाऊ शकते.

विभागणीची संमती १५ एप्रिलपर्यंत द्यायची. तोवर दोघांपैकी कुणीच फॉर्म भरला नसेल, तर उशिरा भरलेल्या पहिल्या फॉर्मवरही ती देता येते. पण एकाने न विभागता फॉर्म भरून टाकला आणि १५ एप्रिल उलटला, की त्या वर्षासाठी दार बंद. म्हणून घाईघाईत एकट्याचा फॉर्म पाठवू नका.

शेअर, ५२९ आणि पुण्याचा फ्लॅट

१०,००० ला घेतलेले शेअर ८०,००० चे झाल्यावर मुलाला दिले, तर भेट ८०,००० ची, पण मुलाची खरेदी किंमत १०,०००च राहते. विकल्यावर ७०,००० चा नफा त्याच्या माथी. तेच शेअर वारशाने मिळाले असते तर खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या भावाने धरली गेली असती. वयस्कर आईवडिलांनी जुने, खूप वाढलेले शेअर ठेवून रोख द्यावी, हे आमचं स्पष्ट मत.

शिक्षणासाठीच्या ५२९ खात्यात पाच वर्षांची सूट एकदम वापरता येते : माणशी ९५,०००, दोघांचे १,९०,०००. त्यासाठी त्या वर्षीच्या ७०९ वर तशी निवड नोंदवावीच लागते, दोघांनी वेगवेगळी. मग पुढची चार वर्षं त्याच मुलाला वाढदिवसाला दिलेली रक्कमही सुटीच्या बाहेर जाते, हे लक्षात ठेवा.

तुम्ही अमेरिकेत स्थायिक असाल तर जगातल्या कुठल्याही मालमत्तेची भेट ७०९ वर येते. कोथरूडचा फ्लॅट भावाच्या नावे बक्षीसपत्राने केलात, तरी. किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने, डॉलरमध्ये. रेडी रेकनरचा दर हा बाजारभाव नव्हे, म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या आणि फॉर्मला जोडा. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा जोडीदाराला दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं (स्थानिक अधिभार वेगळा). भावाबहिणीला ती सवलत नाही.

भारतात घेणाऱ्यावर काय येतं तेही बघा. भारताचा गिफ्ट टॅक्स १९९८ मध्ये गेला, पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांवर मिळालं की ते उत्पन्न धरतात. काका पुतण्याला देतो तेव्हा काका "नातेवाईक" आहे. पुतण्या काकांना देतो तेव्हा कायद्याच्या व्याख्येत पुतण्या बसत नाही, आणि काकांना कर भरावा लागतो. आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात ही अडचण नाही.

उलट दिशा : भारतातून आलेले पैसे

आईवडिलांनी घर विकून तुम्हाला पैसे पाठवले तर ७०९ चा संबंध नाही. पण वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त आले तर घेणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, फॉर्म ३५२० भरायचा. कर नाही, नुसती माहिती. इथे नवरा-बायकोचा नियम नेमका उलटा होतो : आईचे ६०,००० आणि बाबांचे ६०,००० हे एकमेकांच्या नात्यातल्या माणसांचे म्हणून एकत्र मोजतात आणि मर्यादा ओलांडली जाते. न भरल्यास दंड महिन्याला रकमेच्या ५ टक्क्यांप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १,२०,००० वर तो ३०,००० होतो, ज्यावर एक डॉलरही कर नव्हता.

पाठवताना आईवडिलांना प्रत्येकी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापते, तो त्यांच्या रिटर्नमध्ये वळता किंवा परत मिळतो. त्यांच्याकडून तारीख, रक्कम, नातं आणि "परतफेड अपेक्षित नाही" असं सहीचं पत्र घ्या, बँकेच्या वायरची पावती त्यासोबत ठेवा. फॉर्म ३५२० हा १०४० सोबत जात नाही, तो युटामधल्या ऑग्डेनच्या केंद्राला वेगळ्या पाकिटात पाठवायचा.